मंडईची सुट्टी आणि जंगलाचे पुस्तक

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी आणि आसपासच्या गावांचे सणवार दोन गोष्टींवर बेतलेले असतात, धानाची शेती आणि जवळचे जंगल. तलाव, बोड्या (छोटे तलाव) आणि धानाच्या बांध्या हा या भागाचा चेहरा आहे. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. साकोलीहून वीस-बावीस किलोमीटरवर नागझिऱ्याचे अभयारण्य सुरू होते. शहरात नोकरी करणारी मुले, सासरी गेलेल्या लेकी आणि त्यांची बच्चेकंपनी सुट्टीत गावी परततात, तेव्हा घरचे रीतिरिवाज आणि हे जंगल दोन्ही त्यांच्या वाट्याला येतात. या जंगलांवर मराठीत फार चांगली पुस्तके लिहिली गेली आहेत. त्यामुळे सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादे निसर्गपुस्तक वाचायचे ठरवले, तर त्यातले बरेचसे दाराबाहेर पडताळून पाहता येते.

पावसाळ्यातला मोठा सण पोळ्याचा. तोवर रोवणीची धावपळ बहुधा आटोपलेली असते. बैलांना आंघोळ घालून, शिंगे रंगवून, झूल चढवून तोरणाखाली उभे करतात आणि झडत्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल सजवून मुले घरोघर जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळतात. ही विदर्भाची खास रीत आहे. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेल्या घरांतही तान्ह्या पोळ्याचा नंदी जपून ठेवलेला असतो.

दिवाळीला हलके धान कापणीला आलेले असते आणि भारी धान अजून शेतात उभे असते. बलिप्रतिपदेला गायगोधन होते. गाईंना रंगवून, सजवून त्यांची पूजा करतात, गोठ्यापुढे शेणाचा गोवर्धन मांडतात आणि गोवारी मंडळी वाजतगाजत नाचतात. भाऊबीज झाली की मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस वेगळा असल्यामुळे आज या गावी तर उद्या त्या गावी असे पाहुण्यांचे येणे-जाणे चालते. दिवसा दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये, मिठाईची, खेळण्यांची, बांगड्यांची दुकाने, रात्री नाटक. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याची नाटके रात्र सरेपर्यंत चालतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या रंगभूमीचे केंद्र असून तिचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारापर्यंत टिकतो. मंडईत लग्नाच्या गोष्टीही निघतात, कारण एरवी विखुरलेले सगळे नातलग त्याच एका दिवशी एका अंगणात भेटतात.

उन्हाळ्याची सुट्टी याहून वेगळी. तिच्यात सणाचा थाट नसतो, रानमेवा असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. मोह रात्री फुलतो आणि त्याची रसदार फुले पहाटेपासून जमिनीवर टपटपतात. म्हणून घरातली माणसे टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच झाडाखाली पोहोचतात. हीच फुले अस्वलालाही प्रिय असल्याने त्या वेळी जंगलात एकट्याने जाणे धोक्याचे असते. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. ती आग पसरून वणवे लागतात. मोहानंतर चारोळी आणि टेंभरे येतात, मे महिन्यात तेंदूपानांची तोडणी होते, शेवटी जांभळे पिकतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे मुलांना पहिला पाऊसही बहुधा गावातच भेटतो.

सुट्टी आणि वाचन यांची सांगड मराठी घराला नवी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक ठेवण्याची प्रथा पडली. मुलांसाठी ‘बालभारती’ने १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. सुट्टीतले निसर्गपुस्तक याच सवयीतून आले आहे. अंक वर्षभरात जुना होतो, पण निसर्गाचे चांगले पुस्तक दर ऋतूत नव्याने उघडता येते. मोहाचे पान चैत्रात वाचावे, बदकांचे पान मार्गशीर्षात.

नागझिरा आणि नवेगाव या जंगलांनी तीन वेगवेगळ्या धाटणीचे लेखक मराठीला दिले. पहिले व्यंकटेश माडगूळकर. ‘नागझिरा’ या पुस्तकात त्यांनी जंगलात मुक्काम करून पाहिलेले प्राणी, झाडे आणि माणसे टिपली आहेत. माडगूळकर चित्रकारही होते आणि मोजक्या शब्दांत हालचाल पकडणारी चित्रकाराची नजर त्यांच्या वाक्यांत दिसते. पुढे वानरटोळ्यांवरच्या त्यांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरे मारुती चितमपल्ली. सोलापुरात १९३२ मध्ये जन्मलेल्या चितमपल्लींनी वनखात्यात दीर्घकाळ नोकरी केली आणि तिच्यातली महत्त्वाची वर्षे नवेगावबांधला काढली. जंगलात राहणाऱ्या माणसांकडून मिळालेली माहिती, संस्कृत ग्रंथांतले संदर्भ आणि स्वतःचे निरीक्षण यांचा मेळ त्यांच्या लेखनात आहे. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ ही त्यांची पुस्तके वाचकप्रिय ठरली. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. तिसरे किरण पुरंदरे. नागझिऱ्यात ४०० दिवस राहून त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिले. पक्ष्यांचे आवाज कानाने कसे ओळखायचे, हे शिकण्यासाठी ते विशेष उपयोगी आहे.

घरात मोठ्याने वाचण्यासाठी यांपैकी कोणते घ्यावे, हे ऐकणाऱ्यांवर ठरते. लहान मुलांना माडगूळकरांचे छोटे प्रसंग पटकन आवडतात. आजी-आजोबांना चितमपल्लींच्या पुस्तकांत ओळखीची नावे आणि समजुती सापडतात, आणि मग वाचन थांबून गोष्टी सुरू होतात. पक्षीनिरीक्षणाची आवड असलेल्यांनी पुरंदऱ्यांचे पुस्तक घ्यावे. पक्षी ओळखण्यासाठी सालिम अलींचे १९४१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ जवळ असावा. मात्र असे संदर्भग्रंथ सलग वाचायचे नसतात. एखादा पक्षी दिसला की त्याचे पान काढायचे.

वाचन जेवढे थोडे तेवढे मुरते. रात्री जेवणे झाल्यावर एक प्रकरण वाचावे आणि सकाळी त्यातली एकच गोष्ट बाहेर शोधावी. पावलांचे ठसे हा त्याचा सोपा नमुना आहे. मांजरकुळातले प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात. म्हणून वाघ, बिबट किंवा रानमांजर यांच्या ठशांत नखांच्या खुणा बहुधा उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा आणि रानकुत्रे यांच्या ठशांत त्या स्पष्ट दिसतात. बोडीच्या काठच्या ओल्या चिखलात गावातल्या कुत्र्याचा आणि मांजराचा ठसा शेजारी शेजारी पाहिला, तरी हा फरक मुलांच्या कायमचा लक्षात राहतो. दुसरा नमुना वानर आणि चितळ यांच्या सोबतीचा. वानरे झाडावर खाताना पाने, फळे खाली टाकतात आणि चितळे ती खातात. वाघ-बिबट दिसताच वरून वानर खाकरते आणि चितळे सावध होतात. पुस्तकात ही सोबत वाचलेल्या माणसाला जंगलात वानराचा आवाज ऐकताच कुठे पाहायचे ते कळते.

दिवाळीच्या सुट्टीत पाहण्यासारखे सर्वाधिक तलावांवर आणि बांध्यांत असते. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे हिवाळी पाहुणे नोव्हेंबरपासून उतरू लागतात. भंडारा-गोंदिया भागात सारस क्रौंच टिकून आहेत. महाराष्ट्रात ते आता जवळजवळ फक्त याच पट्ट्यात उरले आहेत. सारसाची जोडी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटे करते आणि बहुतेकदा दोन अंडी घालते. कापणीच्या सुमारास मोठी झालेली पिले आईबापांमागे हिंडताना दिसू शकतात. ती धुऱ्यावरून, लांबूनच पाहावीत. जवळ गेल्यास पक्षी जागा सोडतात.

जंगलात जायचे तर नियम आधी माहीत असावेत. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि त्याचे मूळ क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर आहे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, तसेच नवेगाव, नागझिरा, नवे नागझिरा आणि कोका ही अभयारण्ये मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. भंडारा जिल्ह्याच्या बाजूने पिटेझरीच्या फाटकातून आत जाता येते. पावसाळ्यात जंगल पर्यटकांसाठी बंद असते आणि साधारण ऑक्टोबरमध्ये उघडते, म्हणून दिवाळीची सुट्टी सोयीची. त्या वेळी गवत उंच असल्याने प्राणी कमी दिसतात, मात्र पक्षी, फुलपाखरे आणि कोळी भरपूर. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर प्राणी अधिक दिसतात, पण ऊन सोसावे लागते. वाघ दिसलाच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या कुटुंबाची फेरी बहुतेकदा हिरमुसून संपते. ऐन, धावडा, बिजा, तेंदू ही झाडे खोडाच्या सालीवरून ओळखता आली, तरी ती फेरी वाया जात नाही.

सुट्टीच्या शेवटी घराची स्वतःची नोंदवही करता येते. मोहाचे पहिले फूल केव्हा पडले, बदके कोणत्या आठवड्यात आली, पहिला पावशा केव्हा बोलला, एवढे तीन रकाने पुरेत. पक्ष्या-झाडांची झाडीबोलीतली नावे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावीत, कारण त्यांतली बरीच कुठल्याच छापील कोशात नाहीत. पाच-सहा दिवाळ्यांच्या नोंदी जमल्या की ऋतू पुढेमागे कसे सरकतात, हे त्या घराला आपल्याच वहीतून दिसू लागते, आणि पुढच्या सुट्टीत मोठ्याने वाचण्यासाठी पुस्तकाच्या जोडीला ही वहीही असते.