गोवराची लस आणि अफवांची पंचवीस वर्षं

गोवराच्या लशीविषयी जगभर पसरलेल्या भीतीचं मोठं मूळ एका शोधनिबंधात आहे, आणि तो निबंध अवघ्या १२ मुलांवर बेतलेला होता. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी ‘द लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड त्याचे प्रमुख लेखक. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या ‘एमएमआर’ लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असं त्यात सुचवलं होतं. संबंध सिद्ध झालेला नाही, हेही निबंधातच नमूद होतं. पण तिन्ही लशी वेगवेगळ्या द्याव्यात, असं वेकफिल्ड यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं आणि लोकांच्या मनात तेवढंच राहिलं.

आईबापांना ते पटलं यात नवल नाही. एमएमआरचा पहिला डोस मूल वर्षाचं झालं की देतात. स्वमग्नतेची लक्षणं घरच्यांच्या ध्यानात येतात तीही साधारण त्याच वयात. दोन शब्द बोलू लागलेलं मूल गप्प का झालं, हे शोधणाऱ्या आईला तारखांचा हा मेळ पुरावाच वाटतो. तिला अडाणी म्हणून प्रश्न सुटत नाही. लस घेतलेली आणि न घेतलेली मुलं मोठ्या संख्येने तपासल्याशिवाय खरंखोटं कळत नाही, आणि तशी ती तपासली गेली. डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांमध्ये स्वमग्नतेचं प्रमाण अधिक नव्हतं. जपानचा दाखला आणखी बोलका. तिथे १९९३ मध्ये एमएमआर थांबवली गेली, तरी योकोहामात त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच राहिल्या.

जपानने ती लस थांबवली तेव्हा कारण वेगळंच होतं. लशीतल्या गालगुंडाच्या ‘उराबे’ वाणामुळे काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येत होती. ब्रिटननेही १९९२ मध्ये त्या वाणाच्या लशी मागे घेतल्या. दोष खरा होता, देखरेखीतून तो सापडला आणि त्यावर उपायही झाला. सरसकट ‘लस घातक असते’ म्हणणारे या गोष्टीचा अर्धा भागच सांगतात.

लॅन्सेटमधल्या निबंधाचं पितळ उघडं पाडलं ते पत्रकार ब्रायन डीअर यांनी, २००४ पासून ‘संडे टाइम्स’मधून. लस बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा उभा करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. शिवाय गोवराच्या वेगळ्या लशीच्या पेटंटसाठी त्यांनी अर्जही केला होता. वाचकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढे मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी आणि निबंधातला मजकूरही जुळेना. लॅन्सेटने निबंध मागे घेतला २ फेब्रुवारी २०१० रोजी. त्याच वर्षी मे महिन्यात वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. तोवर १२ वर्षं उलटली होती. गोवर रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन डोस मिळावे लागतात. ब्रिटनमध्ये मधल्या काळात पहिल्या डोसचंच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. तेव्हा लस चुकलेली मुलं शाळा-कॉलेजात पोचली आणि २०१२-१३ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी परिसरात गोवराची मोठी साथ उसळली.

सामोआत जे घडलं ते याहून जिव्हारी लागणारं आहे. जुलै २०१८ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या या छोट्या देशात एमएमआर टोचल्यावर दोन तान्ही बाळं दगावली. लशीची पूड पाण्यात कालवायची असते. नर्सनी ती चुकून भूल देताना वापरायच्या औषधात कालवली होती. बाळांचा जीव त्या औषधाने घेतला. हे गावोगाव तातडीने आणि ठामपणे सांगायला हवं होतं. त्याऐवजी लसीकरणच काही महिने थांबवलं गेलं, आणि सरकारलाच लशीची खात्री नाही, असा अर्थ लोकांनी काढला. लसविरोधी प्रचारकांना मोकळं रान मिळालं. लस घेतलेल्या बाळांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आलं. २०१९ मध्ये गोवर शिरला तेव्हा दोन लाख वस्तीच्या या देशात ५,७०० हून अधिक रुग्ण आणि ८३ मृत्यू नोंदले गेले. दगावलेल्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. अखेर डिसेंबरात सरकारने दोन दिवस कामकाज बंद ठेवलं. लस न घेतलेलं कुणी घरात असेल तर दाराशी लाल कापड बांधायला सांगितलं, आणि पथकं घरोघर फिरली.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या तीन कोटींहून अधिक मुलांना टोचायचं होतं. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर ‘या लशीने पुढे मूल होत नाही’ हा संदेश फिरू लागला आणि काही शाळांमधून पालकांनी मुलांना घरी नेलं. वास्तविक रुबेलाची लस होणाऱ्या बाळांसाठीच असते: गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळ हृदयाचे, डोळ्यांचे, कानांचे दोष घेऊन जन्माला येऊ शकतं. मौलवी, शिक्षक, आशा सेविका यांनी हे लोकांना पटेल अशा भाषेत समजावलं, तेव्हा बरीच दारं उघडली.

मग कोविड आला आणि नेहमीचं लसीकरण रेंगाळलं. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवराने मुलं दगावू लागली. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातही साथ पसरली. जगाला गोवराची लस मोठ्या प्रमाणावर पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात आहे, आणि तिथून काही तासांवरच्या वस्तीतली मुलं लशीवाचून राहिली होती. याचं खापर एकट्या अफवेवर फोडणं बरोबर नाही. कुणी गावी गेलं होतं, कुणाचा रोज बुडणार होता, कुणाकडे लसीकरणाचं कार्ड नव्हतं.

लशीने काहीच होत नाही, असं मात्र कुणी सांगू नये, कारण ते खरं नाही. ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, क्वचित तापात झटकाही येतो, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. पण गोवर झालेल्या दर हजार मुलांपैकी एखाद्याच्या मेंदूला सूज येते, न्यूमोनिया त्याहून कितीतरी जास्त जणांना होतो, आणि आधीच्या रोगांविरुद्ध मिळवलेली प्रतिकारशक्तीही हा विषाणू पुसून टाकू शकतो. कडुनिंबाच्या पाल्याने यातलं काही टळत नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळतो. चुकला असेल तर पाचव्या वाढदिवसापर्यंत कधीही घेता येतो, आणि कार्ड हरवलं म्हणून कुणा बाळाला परत पाठवायचं कारण नाही.