यजमान कुटुंबात बारा महिने

परदेशी जायचं ते शिकायला किंवा नोकरीला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पण तिसरीही एक वाट आहे. जर्मनीत वृद्धाश्रम, बालवाडी किंवा अपंगांच्या संस्थेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून काम करायचं आणि तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं. तरुणांच्या ऐच्छिक सामाजिक वर्षाचा कायदा तिथे १९६४ मध्ये झाला. २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती स्थगित झाल्यावर केंद्र सरकारची स्वयंसेवा योजनाही सुरू झाली. २०१३ पासून ‘वेल्टवेर्ट्स’ या सरकारी कार्यक्रमातून भारतासारख्या देशांतल्या तरुणांनाही तिकडे जाता येऊ लागलं.

कामाच्या ठिकाणी काय करायचं हे सांगणारं कोणी तरी असतं. खरी परीक्षा सुरू होते ती संध्याकाळी घरी परतल्यावर.

बंद दार म्हणजे राग नव्हे

आपल्याकडे घरातल्या खोलीचं दार लावून घेतलं की ‘काय बिनसलं?’ असं विचारलं जातं. जर्मन घरात दार लावून बसणं अगदी साधी गोष्ट असते. नवी आलेली मुलगी मात्र समजते, आपण यांना नकोसे झालोत. मग तीही दार लावून बसते. घरच्यांना वाटतं, तिला एकांत हवा असेल. कोणीच कोणावर रागावलेलं नसतं, पण अबोला वाढत जातो. यावर उपाय एकच. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसावं, भाषा मोडकीतोडकी असली तरी दिवसभरात काय झालं ते सांगावं.

‘नको’ या शब्दाचंही तसंच. आपण पहिल्यांदा संकोचाने ‘नको’ म्हणतो, कारण यजमान पुन्हा आग्रह करणार हे ठाऊक असतं. तिथे ‘नको’ म्हणजे नको! ताट पुढे सरकतं आणि पाहुणी उपाशी राहते. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणावं.

हाक काय मारायची हाही प्रश्नच असतो. जर्मन भाषेतले ‘डू’ आणि ‘झी’ म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. घरात बहुधा ‘डू’ आणि नुसतं नाव चालतं. आईच्या वयाच्या बाईंना नावाने हाक मारताना जीभ अडखळते, पण त्यात त्यांना अनादर वाटत नाही.

गार जेवण, गरम फोडणी

अनेक घरांत गरम जेवण दुपारी होतं. संध्याकाळी सहा-सातला पाव, लोणी, चीज, काकडी असं गार जेवण मांडलं जातं. शाकाहारी असाल तर मासेही चालत नाहीत, हे जाण्यापूर्वीच कळवा. आठवड्यातून एक दिवस वरणभात आणि बटाट्याची भाजी करून सर्वांना वाढा. फोडणी देताना खिडकी उघडायला मात्र विसरू नका. धूर झाला की वाजणारी घंटा तिथल्या घरांत बसवलेली असते.

घराचे काही नियम पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावेत. कागद, वेष्टनं आणि ओला कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. कडाक्याच्या थंडीतही रोज खिडक्या उघडून हवा खेळवतात, नाही तर भिंतींना बुरशी येते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते. तिला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं.

मदत करा, राबू नका

ताटं उचलणं, आपली खोली झाडणं ही घरातल्या माणसाची कामं आहेत, ती न सांगता करावीत. पण रोज मुलं सांभाळणं किंवा सगळ्या घराची सफाई हे स्वयंसेवकाचं काम नाही. मुलं सांभाळून राहण्या-जेवणाची सोय मिळवण्याची ‘ओ पेअर’ ही व्यवस्था वेगळी आहे आणि तिलाही आठवड्याला ३० तासांची मर्यादा आहे. स्वयंसेवकाचं काम संस्थेत असतं. त्याबद्दल पगार नव्हे, तर हातखर्चाला पैसे मिळतात. कामाचा बोजा घरातच पडू लागला किंवा कोणाचं वागणं खटकलं, तर गप्प राहू नये. संस्थेच्या समन्वयकाला लगेच सांगावं. घर बदलून मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

आईवडिलांसाठी

इथली जेवणं आटोपून रात्री साडेदहाला आई फोन लावते, तेव्हा हिवाळ्यात तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे घरातली माणसं जेवायला एकत्र येण्याची वेळ! रोज नेमक्या त्याच वेळी मुलगी फोन घेऊन खोलीत गेली, तर त्या घरात ती रुळणार कधी? त्यापेक्षा फोनची वेळ तिलाच ठरवू द्यावी, सुट्टीच्या दिवशी निवांत बोलावं.

डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं. त्या दिवसांत घरची आठवण अधिक छळते, कधी रडूही येतं. अशा वेळी ‘परत ये’ किंवा ‘सहन कर’ यांतलं काहीही घाईने म्हणू नये. त्रास एकटेपणाचा आहे की वाईट वागणुकीचा, हे आधी शांतपणे विचारावं. एकटेपणा माणसांत बसल्याने ओसरतो. वाईट वागणूक मात्र सोसायची नसते.