प्रोग्रॅम गेला, फायली राहिल्या

डॉसच्या काळात प्रोग्रॅम काढणे म्हणजे त्याची डिरेक्टरी पुसणे, एवढेच काम असे. फार तर संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट फायलीत त्याने घातलेली एखादी ओळ मागे राही. घोळ सुरू झाला तो विंडोजवर. विंडोज ३.१ (१९९२) च्या काळातले प्रोग्रॅम आपल्या आयएनआय (सेटिंगच्या) फायली थेट विंडोजच्या फोल्डरात आणि डीएलएल (अनेक प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडच्या) फायली सिस्टिमच्या फोल्डरात टाकत. कोणती फाइल कोणाची, हे सांगणारे कोणी नव्हते. हा पसारा आवरण्यासाठी क्लीनस्वीपसारखी सॉफ्टवेअरे वेगळी विकली जाऊ लागली.

ऑगस्ट १९९५मध्ये आलेल्या विंडोज ९५ने कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम काढण्याची सोय दिली आणि सेटिंगांसाठी रजिस्ट्री ही सामाईक नोंदवही पुढे केली. म्हणजे हाती झाडू दिला आणि अडगळीसाठी नवा माळाही बांधला. सामाईक डीएलएल किती प्रोग्रॅम वापरतात, याची मोजणी रजिस्ट्रीत ठेवली जाई. प्रोग्रॅम बसला की आकडा एकाने वाढायचा, निघाला की घटायचा. एखाद्या प्रोग्रॅमने मोजणी टाळली की हिशेब चुकलाच. आकडा शून्यावर आला की पडद्यावर प्रश्न येई: ही फाइल आता कोणी वापरत नाही असे दिसते, पुसायची का? ज्याला याचे उत्तर माहीत असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यालाच तो विचारला जाई. अशा वेळी ‘नाही’ म्हणणेच शहाणपणाचे होते, आणि फाइल तिथेच राही.

ऑफिस २०००बरोबर आलेल्या विंडोज इन्स्टॉलरने बसवलेल्या प्रत्येक फायलीची नोंद ठेवायला सुरुवात केली. पण नोंद बसवलेल्याची; वापरताना तयार झालेल्या फायली, म्हणजे सेटिंग, कॅश, इतिहास, त्या नोंदीत नसत. व्हिस्टाने (२००७) त्यांना ॲपडेटा हे ठरावीक घर दिले, तेही नेहमीच्या नजरेआड. मॅकवर ॲप ट्रॅशमध्ये ओढले तरी लायब्ररी फोल्डरातला त्याचा डेटा जागच्या जागी राहतो.

हे सगळेच निष्काळजीपणाचे नाही. थंडरबर्ड काढले तरी त्याचे प्रोफाइल संगणकावर राहते, आणि त्यात वर्षानुवर्षांची मेल असू शकते. प्रोग्रॅम कंपनीचा, पत्रे वापरणाऱ्याची. डेबियन लिनक्सने हा भेद सर्वांत सरळ मांडला: ‘रिमूव्ह’ने प्रोग्रॅम जातो, ‘पर्ज’ने त्याच्या सिस्टिममधल्या सेटिंग फायलीही जातात, वापरणाऱ्याच्या होम फोल्डरला मात्र दोन्ही हात लावत नाहीत. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांनी उलट टोक गाठले. चार अनाथ नोंदींनी संगणक मंदावत नाही, चुकीची एक नोंद पुसली तर प्रोग्रॅम बंद पडू शकतो.

अँड्रॉइडने प्रत्येक ॲपला वेगळे खासगी फोल्डर दिले आणि ॲपबरोबर तेही जाऊ लागले. सामाईक स्टोरेजवर ॲपांनी उघडलेली फोल्डरे मात्र उरत. त्यांना अँड्रॉइड १०ने (२०१९) आवर घालायला घेतला. आयओएस ११मध्ये (२०१७) ॲप काढून त्याचा डेटा मुद्दाम ठेवण्याची सोय आली.

तोवर डेटाचा मोठा भाग फोनबाहेर, कंपन्यांच्या सर्व्हरवर गेला होता. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते, त्यातूनच ते बंदही करता आले पाहिजे, हा नियम ॲपलने ३० जून २०२२पासून लागू केला. नुसते ॲप पुसल्याने मात्र ते खाते आजही बंद होत नाही.