‘वन’ या शब्दाची कायदेशीर व्याप्ती

सामान्य व्यवहारात शब्दाचा अर्थ थोडाफार संदिग्ध राहिला तरी काम अडत नाही. रान, वन, अरण्य, जंगल, झाडी हे शब्द मराठी भाषक आळीपाळीने वापरतो आणि ऐकणारा प्रसंगावरून अर्थ लावतो. कायद्याच्या क्षेत्रात मात्र ही मोकळीक नसते. एखादी जमीन ‘वन’ आहे की नाही यावर तेथे घर बांधता येईल की नाही, खाण निघेल की नाही, गुरे चरतील की नाही, हे ठरते. म्हणूनच पर्यावरण-कायदा आणि निसर्गसंरक्षणाचे धोरण या क्षेत्रांत काम करणारे वकील, वनाधिकारी, मसुदाकार आणि तज्ज्ञ समित्यांचे सदस्य यांच्या श्रमाचा फार मोठा भाग शब्दार्थनिश्चितीत खर्च होतो. भारतात ‘वन’ या एका शब्दाभोवती झालेला वाद हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

१. दोन शब्दांचा पूर्वेतिहास

इंग्रजी ‘फॉरेस्ट’ आणि भारतीय ‘जंगल’ हे दोन शब्द या वादात सतत एकत्र येतात. दोहोंचाही मूळ अर्थ आजच्या अर्थाहून वेगळा होता.

‘फॉरेस्ट’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील ‘फोरेस्तिस’पासून आला. त्याचा संबंध बहुतेक व्युत्पत्तिकार ‘बाहेरचे’ या अर्थाच्या ‘फोरिस’ या शब्दाशी जोडतात. मध्ययुगीन इंग्लंडात ‘फॉरेस्ट’ म्हणजे वृक्षांनी भरलेला प्रदेश असे नव्हते. राजाच्या शिकारीसाठी राखलेला आणि सामान्य कायद्याबाहेरच्या वेगळ्या नियमांखाली आणलेला प्रदेश, असा त्याचा अर्थ होता. त्यात माळ, शेते आणि गावेही असत. १२१७च्या वनसनदेने यांपैकी बराच प्रदेश ‘फॉरेस्ट’मधून मुक्त केला, म्हणजे एकही झाड न तोडता तो ‘फॉरेस्ट’ राहिला नाही. हा शब्द प्रथम कायद्याची संज्ञा होता, वर्णनवाचक तो नंतर झाला.

‘जंगल’ शब्दाचा प्रवास याहून चमत्कारिक आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘जाङ्गल’. आयुर्वेदाच्या संहितांत ‘आनूप’ म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा देश आणि ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, विरळ व काटेरी झाडांचा, मोकळ्या आकाशाचा देश, असा भेद केलेला आहे. आज ‘जंगल’ म्हटले की दाट अरण्य डोळ्यांपुढे येते. ज्या भूप्रदेशाच्या विरोधात हा शब्द योजला जाई, जवळजवळ त्याच भूप्रदेशाचा तो वाचक झाला. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

२. व्याख्येवाचून कायदा

१९२७च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’, ‘इमारती लाकूड’, ‘वनोत्पन्न’, इतकेच काय, ‘गुरे’ यांच्याही व्याख्या आहेत. ‘वन’ या शब्दाची मात्र नाही. कायद्याने ‘राखीव’, ‘संरक्षित’ आणि ‘ग्राम’ अशी वनांची वर्गवारी केली आणि कोणती जमीन कोणत्या वर्गात घालावयाची हे अधिसूचनेवर सोपविले. शासनाने जाहीर केले की ते वन. ही रीत मध्ययुगीन इंग्रजी संकल्पनेशी बरीच जुळती आहे.

१९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. त्यानंतर १९८०च्या वन (संरक्षण) अधिनियमाने वनजमीन वनेतर कामासाठी वापरण्यापूर्वी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी आवश्यक केली. येथेही ‘वन’ची व्याख्या दिलेली नव्हती. परिणामी अधिसूचित वनांबाहेरची झाडी या अधिनियमाच्या कक्षेत येते की नाही, हा प्रश्न उघडा राहिला.

३. न्यायालय आणि शब्दकोश

त्याचे उत्तर १२ डिसेंबर १९९६ रोजी मिळाले. निलगिरीतील गुडलूर भागातील वृक्षतोडीविरुद्ध निलंबूरच्या टी. एन. गोदावर्मन तिरुमलपाड यांनी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यावरील आदेशात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ‘वन’ हा शब्द त्याच्या शब्दकोशातील अर्थाने घ्यावा. दोन, ‘वनजमीन’ या शब्दात कोशार्थाने वन असलेली जमीन तर येतेच, शिवाय शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेली कोणतीही जमीन येते, मग तिची मालकी कोणाचीही असो.

अर्थविचाराच्या दृष्टीने हे दोन निकष भिन्न जातीचे आहेत. पहिला निकष लोकव्यवहारातील रूढ अर्थ मानतो. जमिनीकडे पाहावे आणि ते वन आहे की नाही ते ठरवावे, असे तो सांगतो. दुसऱ्या निकषात जमिनीकडे पाहण्याचे कारणच नाही, दप्तर पाहावयाचे. एका निकषाने नोंद नसलेली दाट राई वन ठरते, तर दुसऱ्याने झाड नसलेला माळही वन ठरू शकतो. न्यायालयाने दोन्ही स्वीकारून संरक्षणाची कक्षा शक्य तितकी विस्तृत केली. त्या काळातील वृक्षतोडीचा वेग पाहता तिचे प्रयोजन उघड होते.

परंतु कोशार्थ प्रत्यक्ष मोजणीस उपयोगी पडत नाही. किती झाडे म्हणजे वन, हे कोश सांगत नाही. त्यामुळे राज्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समित्यांना संख्यात्मक निकष बनवावे लागले. गोव्यात खाजगी वन ठरविण्यासाठी तीन निकष आले. पंचाहत्तर टक्के वृक्ष वनजातींचे असावेत, छत्राची घनता ०.४हून कमी नसावी, आणि क्षेत्र शासकीय वनाला लागून नसल्यास किमान पाच हेक्टर असावे. घनतेची मर्यादा ०.१ पर्यंत खाली आणावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केली नाही. उलट, भारतीय वन सर्वेक्षण संस्था ‘वनाच्छादन’ मोजताना एक हेक्टर क्षेत्र आणि दहा टक्के छत्र एवढेच पाहते. मालकी आणि कायदेशीर दर्जा ती लक्षात घेत नाही. तिच्या मापाने कोकणातील मोठी आमराईही वनाच्छादनात येते. ‘वन’ आणि ‘वनाच्छादन’ ही दोन वेगळी परिमाणे असूनही वृत्तपत्रांत ती समानार्थी म्हणून वापरली जातात, आणि त्यातून बराच गोंधळ माजतो.

४. ‘झुडपी जंगल’

या दोन निकषांतील अंतर विदर्भात सर्वांत तीव्रतेने दिसून आले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरांतून ‘झुडपी जंगल’ अशी नोंद चालत आली. लागवडीखाली नसलेली, खुरटी झुडपे असलेली हलकी जमीन, असा तिचा आशय होता. गावकऱ्यांची गुरे चारणे, सरपण आणणे हा ‘निस्तार’ अशा जमिनींवर चाले. दप्तरकाराने ‘जंगल’ शब्द योजला तेव्हा वनखात्याचे वन त्याला अभिप्रेत नव्हते. ‘जाङ्गल’ शब्दाचा प्राचीन अर्थ, कोरडी, विरळ झाडांची भूमी, या नोंदीला आजच्या अर्थापेक्षा अधिक चपखल लागू पडतो. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या दप्तरांतील ‘छोटे झाड का जंगल’ ही नोंदही याच कुळातील आहे.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत हे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नोंदीही त्यांच्याबरोबर आल्या. पुढे या जमिनींवर वस्त्या, शाळा, स्मशाने आणि शासकीय इमारती उभ्या राहिल्या. १९९६च्या आदेशानंतर मात्र नोंदीतील ‘जंगल’ हा शब्द निर्णायक ठरला. वादातील क्षेत्र सुमारे ८६,४०९ हेक्टर होते. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे होती, त्यांना आपण वनजमिनीवर राहतो हे एका शब्दामुळे ऐकावे लागले.

२२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी यावर निर्णय दिला. १९९६च्या आदेशास अनुसरून झुडपी जंगल ही वनजमीनच होय, असे त्यांनी म्हटले. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, अशी सवलत अपवाद म्हणून दिली, आणि हा अपवाद पुढे दाखला म्हणून वापरता येणार नाही असेही बजावले. शब्दाचा अर्थ कायम ठेवून त्याच्या परिणामांना तारखेची मर्यादा घालणे, ही न्यायालयीन अर्थनिर्णयाची एक विशिष्ट रीत येथे दिसते. भाषेला असा उपाय उपलब्ध नसतो.

५. क्रियापद आणि वनस्पती

वाद केवळ ‘वन’ या नामापुरता नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये, १९२७च्या अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली ज्या जमिनीसंबंधी नोटीस ‘काढलेली’ असेल ती ‘खाजगी वन’ या व्याख्येत येते. मुंबईतील विक्रोळी येथील जमिनीच्या खटल्यात प्रश्न उपस्थित झाला की, काढलेली पण मालकावर न बजावलेली नोटीस पुरेशी आहे काय? ३० जानेवारी २०१४च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ‘काढणे’ यात ‘बजावणे’ अभिप्रेत आहे, आणि दशकानुदशके पाठपुरावा न झालेल्या नोटिशींवर विसंबता येणार नाही, असे ठरविले. नोटीस काढणे आणि बजावणे हा भेद मराठी कचेरीभाषेत स्पष्ट आहे. तो भेद ओलांडावयाचा की नाही, यावर अनेक कुटुंबांच्या घरांचे भवितव्य अवलंबून होते.

बांबूची कथाही अशीच आहे. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात घालते. १९२७च्या अधिनियमाने त्याला ‘वृक्ष’ म्हटले. २००६च्या वनहक्क अधिनियमाने त्याची गणना गौण वनोत्पन्नात केली, आणि त्याच्या आधारे गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळविला. १९२७च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला तो २०१७ मध्ये.

६. नवी दुरुस्ती

२०२३च्या दुरुस्तीने १९८०च्या अधिनियमाची व्याप्ती प्रथमच शब्दांत मांडली. कायद्यान्वये घोषित वन, आणि २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन, एवढ्यांना तो लागू होतो. म्हणजे दप्तराचा निकष राहिला, कोशाचा गळाला. या दुरुस्तीस आव्हान मिळाले असता १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, नोंदींचे एकत्रीकरण पूर्ण होईपर्यंत राज्यांनी १९९६चाच अर्थ पाळावा. विशेष हे की, याच दुरुस्तीने इंग्रजी पाठातही अधिनियमाच्या नावातून ‘फॉरेस्ट’ जाऊन ‘वन’ शब्द आला. नाव बदलले तरी अर्थाचा प्रश्न तसाच राहिला.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून ‘वन’ शब्दाचे तीन अर्थस्तर वेगळे करता येतात: लोकव्यवहारातील, अभिलेखातील आणि मापनातील. कायद्यातील बहुतेक वाद एका स्तरावरील शब्द दुसऱ्या स्तरावर वाचल्यामुळे निर्माण झाले आहेत. दप्तरातील शब्द ज्याने लिहिला त्याच्या काळी आणि त्याच्या प्रदेशात त्याचा अर्थ काय होता, हे सांगण्याचे काम कायदेपंडितांचे नव्हे. ते भाषेच्या अभ्यासकाचे आहे. निस्तारपत्रके, जुनी जमाबंदीची कागदपत्रे आणि सातबाराची दप्तरे यांतील गायरान, कुरण, पडीत, झुडपी, राई यांसारख्या शब्दांचा प्रदेशवार आणि कालानुक्रमे संग्रह झाल्यास त्याचा उपयोग कोशकारांइतकाच न्यायालयांनाही होईल. तोपर्यंत एखाद्या अज्ञात कारकुनाने घाईत लिहिलेल्या शब्दाचा अर्थ त्यानंतर कित्येक दशकांनी, ज्यांनी तो लिहिला नाही आणि ज्यांनी तो वाचला नाही, अशा लोकांना लागू होत राहील.