ई-बुक रीडर : घ्यावा की न घ्यावा?

प्रश्न साधा आहे. सतरा हजार रुपये टाकून ई-बुक रीडर घ्यावा का? आमच्या विंगमध्ये यावर इतकी चर्चा झाली आहे की तेवढ्या वेळात एम-थ्रीचं एखादं युनिट संपलं असतं. एक गट म्हणतो, फोन आहे ना, मग दुसरं खेळणं कशाला? दुसरा गट म्हणतो, सगळ्या रेफरन्स बुक्सच्या पीडीएफ एकाच यंत्रात, पाठीवरचं ओझं गेलं! मला दोन्ही गटांचं म्हणणं अर्धवट वाटतं. एका सिनिअर ताईंचा रीडर दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे माझ्याकडे होता. तो मी जळकोटला घरी नेला. (आमचं जळकोट म्हणजे नळदुर्गच्या पुढचं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं, तिथली पत्रं अधूनमधून आमच्याकडे येतात.) त्या तीन आठवड्यांत जे कळलं, आणि नंतर जे शोधून काढलं, ते इथे लिहिते आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे मराठीत थोडंफार इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू, कारण निम्म्या लोकांना तो काळा-पांढरा टॅबच वाटतो. फोनचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. रीडरचा पडदा कागदासारखा बाहेरून आलेला प्रकाश परत पाठवतो. या तंत्राला ई-इंक म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यावर काम केलं, आणि १९९७ मध्ये त्यातूनच ई-इंक नावाची कंपनी निघाली. पडद्याच्या थरात केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोघांचा विद्युतभार एकमेकांच्या विरुद्ध. खालच्या इलेक्ट्रोडला एका प्रकारचा व्होल्टेज दिला की काळे कण वर येतात, उलटा दिला की पांढरे. झालं अक्षर!

खरी गंमत पुढे आहे. व्होल्टेज काढून घेतला तरी कण आहेत तिथेच राहतात. म्हणजे पान उलटताना वीज लागते, पान नुसतं दिसत राहायला जवळजवळ लागत नाही. म्हणून चार्जिंग तासांवर नाही, आठवड्यांवर मोजतात. मी तीन आठवड्यांत एकदाच चार्ज केला, तोसुद्धा परत देताना ताईंना रिकामा कसा द्यायचा म्हणून. रात्री वाचायला नव्या रीडरमध्ये दिवे असतात, पण ते पडद्याच्या कडेला बसवलेले असतात आणि उजेड पानावर पसरतो, डोळ्यांवर सरळ येत नाही. एसटीत खिडकीशी बसून, सोलापूर सुटल्यापासून ऊन तोंडावर असताना, मी दीडशे पानं वाचली. त्याच उन्हात फोनवर आलेला मेसेज वाचायला मला ओढणी डोक्यावरून घ्यावी लागली.

तोटाही त्याच कणांमुळे. कण हलायला वेळ लागतो, त्यामुळे स्क्रोल करणं, झूम करणं, मागे-पुढे पानं चाळणं हे सगळं रखडत चालतं. मधूनच पडदा एकदा काळा होऊन परत पांढरा होतो. तो बिघाड नाही, आधीच्या पानाची पुसट सावली घालवायची ती पद्धत आहे. कादंबरी वाचताना याचं काही वाटत नाही. कारण कादंबरी आपण एकाच दिशेने वाचतो. पण अभ्यासाचं पुस्तक कोण एका दिशेने वाचतं? आपण आधी मागची उदाहरणं बघतो, मग फॉर्म्युला शोधतो, मग आकृती, मग परत प्रश्न.

आता दुसऱ्या गटाच्या पीडीएफकडे येते, कारण विंगमधला मुख्य मुद्दा तोच आहे. पट्टी घेऊन हिशोब करा. सात इंची पडद्याची रुंदी साधारण साडेदहा सेंटिमीटर. आपल्या नोट्स आणि बहुतेक पीडीएफ ए-फोर आकाराच्या, म्हणजे रुंदी २१ सेंटिमीटर. पूर्ण पान बसवायचं तर ते निम्मं होणार. १२ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं होणार. इंटिग्रेशनच्या खालच्या-वरच्या लिमिट्स तर मुंगीएवढ्या! रीडर आडवा धरला तर अक्षर मूळच्या दोन-तृतीयांश होतं, मग एका पानासाठी दोन-तीनदा पुढे सरकायचं. मी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची पीडीएफ उघडली, बेंडिंग मोमेंट डायग्राम एका पडद्यावर आणि त्याचं गणित दुसऱ्या पडद्यावर. दहा मिनिटांत बंद केली. दहा इंची रीडर मिळतात, त्यावर पान वाचता येतं, पण त्यांची किंमत बघून मी ते पेज लगेच बंद केलं. तेव्हा माझं स्पष्ट मत : अभ्यासासाठी म्हणून कोणी रीडर घेणार असेल तर घेऊ नये. लायब्ररीचं पुस्तक आणि गेटबाहेरचं झेरॉक्सचं दुकान यांना अजून तोड नाही.

मग उरतं अवांतर वाचन. इथे प्रश्न भाषेचा येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

इतिहास थोडक्यात. असल्या पडद्याचा पहिला रीडर सोनीने २००४ मध्ये जपानमध्ये काढला. ॲमेझॉनचा किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ३९९ डॉलरला आला आणि साडेपाच तासांत संपला. आपल्याकडे २०१० मध्ये इन्फिबीम या अहमदाबादच्या कंपनीने 'पाय' नावाचा रीडर ९,९९९ रुपयांना आणला होता, तो फार कोणाच्या लक्षात नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये किंडल भारतातल्या दुकानांत ६,९९९ रुपयांना मिळू लागला. पण मराठी पुस्तकं? किंडलच्या दुकानात मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम असा भारतीय भाषांचा विभाग सुरू झाला तो डिसेंबर २०१६ मध्ये. म्हणजे चार वर्षं यंत्र इथे होतं आणि आपली भाषा दाराबाहेर उभी होती. एप्रिल २०२५ मध्ये सात इंची नवा पेपरव्हाइट आला तो १६,९९९ रुपयांना. (मॉडेल वेगळं आहे, मान्य. पण पाकीट तेच आहे!)

आज त्या दुकानात मराठी कथा-कादंबऱ्या बऱ्यापैकी आहेत, मोठ्या प्रकाशकांची पुस्तकंही मिळतात. पण आपल्याला हवं तेच पुस्तक असेल असं नाही. काही प्रकाशकांची पुस्तकं बुकगंगावर ई-बुक म्हणून मिळतात, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, म्हणजे फोनवर किंवा कॉम्प्युटरवर. किंडलवर ती येत नाहीत. म्हणून पैसे टाकण्याआधी एक काम करा. वर्षभरात वाचायची अशी वीस पुस्तकं कागदावर लिहा आणि एकेक शोधून बघा. माझ्या वीसपैकी इंग्रजी अकराच्या अकरा मिळाली, मराठी नऊपैकी चार. तुमची यादी वेगळी, उत्तर वेगळं.

फुकट मराठी पुस्तकांचं काय, असं मेसमध्ये एकाने विचारलं. आहेत की! भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना मोकळं आहे. हरिभाऊ आपट्यांचं तर त्याच्या कितीतरी आधी. मराठी विकिस्रोतवर असं साहित्य टाइप करून ठेवलेलं आहे आणि ते रीडरवर छान दिसतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवरही पुस्तकं मोफत आहेत. पण त्यातली कित्येक स्कॅन केलेली पीडीएफ आहेत, म्हणजे अक्षरं नसून अक्षरांचे फोटो. फोटोतलं अक्षर मोठं करता येत नाही, पानच मोठं करावं लागतं, आणि मग आपण परत त्या बेंडिंग मोमेंटच्या जागी येतो.

तिसरा एक प्रकार आहे, तो फार जणांना माहीत नसतो. बरीच मराठी पुस्तकं छापखान्यात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फाँट काढून घेतला की वेष उतरला! रीडरने अशी फाइल स्वतःच्या फाँटमध्ये बसवायचा प्रयत्न केला की पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. कॉम्प्युटरवर पीडीएफ उघडा, एखादा मराठी शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं (एखादं जोडाक्षर तुटलं तरी चालेल), तर फाइल युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी कचरा आला तर जुना फाँट. आणि शब्द सिलेक्टच होत नसेल तर तो फोटो. पाच मिनिटांत कळतं की तुमच्याकडचा मराठीचा साठा रीडरवर चालणार की नुसता जागा अडवणार.

पैशाचा हिशोबही करूनच टाकू. धरून चालू की छापील पुस्तक ३०० रुपयांना आणि तेच ई-बुक २०० ला मिळतं. एका पुस्तकामागे १०० वाचले. १६,९९९ वसूल व्हायला १७० पुस्तकं! महिन्याला दोन वाचली तरी सात वर्षं. तोपर्यंत आपण कुठे असू आणि बॅटरी कुठे असेल, देव जाणे. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि ई-बुकवर आहे. २०१८ मध्ये छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, पण शून्य केला नाही. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून रीडर घेणं हे मला पटत नाही. जो आधीच खूप वाचतो, ज्याला सोलापूरला गेल्याशिवाय पुस्तकाचं धड दुकान दिसत नाही, त्याला सोय म्हणून घेता येईल. जळकोटला बसून रात्री अकराला पुस्तक हवंसं वाटलं आणि अकरा वाजून एक मिनिटाने ते हातात होतं, ही गोष्ट मी नाकारत नाही.

पण ते 'हातात' म्हणजे नक्की कुठे? होस्टेलवर एक छापील कादंबरी दहा खोल्या फिरते, कव्हर सुटतं, शेवटचं पान गायब होतं, तरी फिरते. ई-बुक असं फिरत नाही. आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'च्या काही प्रती गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या, कारण ज्याने त्या विकायला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, मालकाने जाहीर माफीही मागितली. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने मात्र कोर्टात दावा लावला. पुस्तक गेलं तर गेलं, त्यावर काढलेल्या त्याच्या नोट्सही निकामी झाल्या होत्या. सबमिशनच्या आदल्या रात्री असं झालं तर आपलं काय होईल, विचार करा. आणि फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने रीडरमध्ये टाकायची सोयही ॲमेझॉनने बंद केली आहे. स्वतःजवळच्या फाइल टाकता येतात, दुकानातून घेतलेल्या पुस्तकांची ही वाट बंद.

जुना घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी : स्वस्तात मिळतो म्हणून उडी मारू नका. आधीच्या मालकाने आपलं खातं त्यातून काढलं आहे ना, ते समोर बसून बघा. पूर्ण पांढरं पान उघडून काळे ठिपके किंवा रेघा दिसतात का, तेही बघा. फार जुनं मॉडेल नकोच. २०२२ च्या ऑगस्टपासून अगदी सुरुवातीच्या काही किंडलवरून थेट दुकानात जाऊन पुस्तक घेता येत नाही. आणि नवा असो वा जुना, आधी महिनाभर फोनवर किंडलचं फुकट ॲप टाकून, नेट बंद ठेवून, एक पुस्तक पूर्ण करून बघा. ज्याच्याकडून फोनवर वीस पानंही होत नाहीत, त्याला पडद्याचा त्रास आहे की वाचनाचाच, हे सतरा हजारांआधी कळलेलं बरं.

मी स्वतःसाठी तरी यंदा घेणार नाही. पण घरी एक वेगळीच गोष्ट झाली. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, पेपरची फक्त हेडिंगं वाचतात. मी 'श्यामची आई' उघडून अक्षर वाढवत गेले, एका ओळीत तीन-चार शब्द मावतील इतकं. आजोबा म्हणाले, "आता थांब, दिसायलंय." मग त्यांनी तो माझ्या हातातून घेतला तो जेवायला हाक मारेपर्यंत सोडला नाही. मोठ्या टाइपातली मराठी पुस्तकं किती छापली जातात? इथे मात्र कुठलंही पुस्तक मोठ्या टाइपात होतं, फक्त ते फोटो किंवा जुन्या फाँटातलं नसावं. माझा हिशोबाचा कागद इथे कामाला येत नाही.

बाबांना मी सांगितलंय. ते किंमत ऐकून आधी गप्प बसले, मग आत्याला फोन केला. दोघं मिळून घ्यायचं चाललंय. आता अडलंय ते खातं कोणाच्या नावाने काढायचं यावर. पुस्तकं त्या खात्याला बांधलेली राहणार, आणि ओटीपी आजोबांच्या बटणाच्या फोनवर आला तर तो वाचायला मी जळकोटला नसणार.