वारीचा गल्ला आणि सरकारी कागद

पंढरपूरच्या पेठेचा हिशेब इतर गावांसारखा चालत नाही. महाद्वार, चौफाळा, पश्चिमद्वार, प्रदक्षिणा मार्ग या पट्ट्यात कुंकू-बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे-बत्तासे, पेढे, टाळ आणि तसबिरी विकणारा दुकानदार चार वाऱ्यांवर वर्ष काढतो. आषाढीत दुकानापुढे पाय ठेवायला जागा नसते, आणि मधल्या महिन्यांत कधीकधी बोहनीलाच दुपार होते. २०२० आणि २०२१ च्या आषाढ्या तर संचारबंदीत गेल्या. संतांच्या पादुका एसटीने आल्या, पेठ कुलूपबंद राहिली. अशा माणसाला जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट, अन्न परवाना, व्यवसाय कर आणि डोक्यावर टांगलेला मंदिराभोवतीचा कॉरिडॉर यांचा वैताग येणारच. वैताग खरा आहे. पण त्यात ऐकीव गोष्टी इतक्या मिसळल्या आहेत की, ज्यावर भांडायला हवे ते बाजूला राहते आणि जे मुळात नाहीच त्यावर चहाच्या गाड्यावर तास जातो.

‘देवाच्या वस्तूंवरही कर लावला’

सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य हेच, आणि ते बरेचसे चूक आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून कुंकू, साध्या बांगड्या, तुळशीच्या माळा, रुद्राक्ष, जानवे, वाती, पंचामृत यांवर शून्य कर आहे. हाताने बनवलेली देशी वाद्येही करमुक्त आहेत, म्हणजे पखवाज घडवणाऱ्याला त्या विक्रीवर कर नाही. सुटे चुरमुरे करमुक्त. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या चुरमुऱ्यांवर मात्र ५ टक्के लागले. अगरबत्तीवर ५ टक्के, मिठाई म्हणून पेढ्यावरही ५ टक्के.

म्हणजे एकाच फळीवर करमुक्त आणि करपात्र माल शेजारी शेजारी बसतो, आणि खरी गोम इथेच आहे. फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला विक्री कितीही झाली तरी जीएसटी नोंदणी लागत नाही. पण त्याच दुकानात अगरबत्तीचे पुडे ठेवले की कायद्याच्या भाषेत ‘एकूण उलाढाल’ मोजायला सुरुवात होते, आणि त्या मोजणीत कुंकू आणि तुळशीमाळांची करमुक्त विक्रीसुद्धा धरतात. ३६ लाखांचा करमुक्त माल आणि ५ लाखांची अगरबत्ती विकणारा माणूस मर्यादा ओलांडतो, जरी त्याचा प्रत्यक्ष कर ५ लाखांवरचाच असला तरी. नियम असा का, याचे उत्तर करतज्ज्ञ देऊ शकतील. पण तो पंढरपूरच्या पेठेसारखा बाजार डोळ्यापुढे ठेवून लिहिलेला नाही, हे सांगायला करतज्ज्ञ असावे लागत नाही.

‘वीस लाखांच्या वर गेलात की संपलात’

वीस लाख ही सेवा देणाऱ्यांची मर्यादा. केवळ माल विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पासून ती ४० लाख आहे, म्हणजे रोजची सरासरी साधारण ११ हजारांची विक्री. आषाढीच्या आठवड्यात एका दिवसात लाखाचा गल्ला झाला म्हणून कुणी घाबरून जायचे कारण नाही. मोजणी आर्थिक वर्षाची होते, वारीची नाही. पण तिथीचे वर्ष आणि सरकारी वर्ष जुळत नाही, आणि त्याची एक गंमत आहे. २०२५ ची चैत्री एकादशी ८ एप्रिलला होती आणि २०२६ ची २९ मार्चला. म्हणजे २०२५-२६ च्या एका आर्थिक वर्षात चैत्री दोनदा आली आणि वाऱ्या चारऐवजी पाच झाल्या. मर्यादेच्या काठावर असलेल्याने असे वर्ष पंचांग उघडून आधीच ओळखून ठेवावे.

दुसरा खड्डा पंढरपुरात जवळजवळ घरोघरी आहे. खाली दुकान, वर दोन-तीन खोल्या, आणि वारीत त्या खोल्या वारकऱ्यांना भाड्याने. खोली देणे ही सेवा झाली. ‘केवळ माल विकणारा’ ही अट तिथे मोडते आणि मर्यादा ४० वरून २० लाखांवर येते, दोन्हींची उलाढाल एकत्र धरून. हे कुणी सांगत नाही. नोटीस आल्यावर कळते.

मर्यादा ओलांडली तरी संपले असे नाही. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना घेता येते. करपात्र विक्रीवर १ टक्का कर, तो तिमाहीला भरायचा आणि वर्षाला एक विवरणपत्र. गिऱ्हाइकाकडून मात्र कर वेगळा घेता येत नाही, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. या योजनेबद्दल पेठेत एक विचित्र भीती आहे की, गिऱ्हाईक कर्नाटकातले किंवा तेलंगणातले असेल तर ती रद्द होते. काउंटरवर माल घेऊन गेलेला भाविक कुठल्याही राज्यातला असो, बिलावर त्याचा परराज्यातला पत्ता नसेल तर ती महाराष्ट्रातलीच विक्री. अडचण येते ती करपात्र माल कुरिअरने विजयपूरला किंवा हैदराबादला पाठवला तर. परराज्यात असा माल पाठवणाऱ्याला कंपोझिशन चालत नाही, आणि बहुतेक करपात्र मालासाठी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेणाऱ्या तरुण पोरांनी हे आधी वाचावे.

‘मंदिराला माफी, आम्हाला कर’

हे खरे आहे, आणि त्याला गैरसमजात टाकता येणार नाही. धार्मिक स्थळाने दिलेला प्रसाद जीएसटीमुक्त आहे. मंदिर समितीचा बुंदीचा लाडू त्यात बसतो. मंदिराबाहेरच्या नोंदणीकृत दुकानातला पेढा बसत नाही, भाविकाने तो देवापुढे ठेवला तरी. खोल्यांचेही तसेच. धर्मादाय संस्थेच्या मालकीच्या धार्मिक जागेतल्या, दिवसाला १००० रुपयांखालच्या खोलीला माफी आहे. खासगी लॉजच्या तेवढ्याच भाड्याच्या खोलीलाही पूर्वी होती, ती १८ जुलै २०२२ पासून काढली आणि १२ टक्के लावले. सप्टेंबर २०२५ मध्ये ते ५ टक्क्यांवर आणले, पण खरेदीवरच्या कराची वजावट काढून घेतली. लहान लॉजवाल्याची तक्रार इथे सरळ आणि रास्त आहे.

पण तिला जोडून जे बोलले जाते ते चूक: ‘दानपेटीतला पैसा सरकार नेते आणि रस्त्यांवर उधळते.’ विठ्ठल-रुक्मिणी मंदिर १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याखाली येते. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. समिती सरकार नेमते, पण मंदिराचा निधी वेगळा राहतो. उलट मंदिराला मूळ रूप देण्याच्या कामाला सुमारे ७४ कोटी रुपये राज्याने दिले. त्याच कामासाठी १५ मार्च ते १ जून २०२४ पदस्पर्श दर्शन बंद होते. पालखी मार्गांचे राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या पैशाचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा दोन्हींचा मिळून खर्च ११ हजार कोटींच्या आसपास सांगितला होता. दिंडीला २० हजारांचे अनुदान २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पातून. खर्च आवडो न आवडो, तो हुंडीतून झालेला नाही.

‘एवढा जीएसटी भरतो, गल्लीतले गटार का तुंबते?’

कारण त्या जीएसटीतला एक रुपयाही थेट नगरपरिषदेला जात नाही. राज्यांतर्गत विक्रीवरचा कर अर्धा केंद्राला, अर्धा राज्याला. नगरपरिषदेच्या हातात मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी. जकात १९९९ मध्येच गेली आणि तिच्या बदल्यात राज्याचे अनुदान आले; वारीच्या सोयींसाठी यात्रा अनुदान वेगळे. २०११ च्या जनगणनेत लाखाला थोडे कमी भरलेले हे गाव आषाढीला दहा लाखांवर माणसे पोसते, आणि त्याची नगरपरिषद अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून असते. तुंबलेल्या गटाराचा जाब जरूर मागावा, पण मालमत्ता कराची पावती घेऊन मागावा. ती पावती तिथे जास्त बोलते.

वर्षाला २५०० रुपयांचा व्यवसाय करही नगरपरिषदेचा समजला जातो. तो राज्याचा. १९७५ चा तो कायदा रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला आला होता, हे आज कर भरणाऱ्या कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

परवाने, स्कॅनर आणि एजंट

इथे लवकर पुढे जाऊ, कारण यातला बराच भार सरकारपेक्षा मधल्या माणसांनी वाढवलेला आहे. जीएसटी नोंदणीला सरकारी शुल्क नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे. तीत व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये घेतले ते फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जासाठी. लहान उद्योगांना असलेले ४५ दिवसांत पैसे मिळण्याचे संरक्षण त्यांना नाही. जुना १९४८ चा शॉप अ‍ॅक्ट जाऊन २०१७ चा कायदा आला. त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीतून मोकळे केले, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. अन्नपदार्थांच्या लहान विक्रेत्याला २०११ च्या नियमांनी वर्षाला १०० रुपयांत नोंदणी ठेवली. या कामांचे हजारो रुपये कुणी मागत असेल तर ते सरकारचे नाहीत.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात लहान विक्रेत्यांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या, आणि ‘ओन्ली कॅश’च्या पाट्यांची बातमी इथपर्यंत पोहोचली. यूपीआयमुळे कर लागत नाही. विक्रीमुळे लागतो, आणि रोख विक्रीही विक्रीच असते. स्कॅनर काढल्याने कायद्याच्या हिशेबात काही बदलत नाही, फक्त गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

‘हातगाडीवाल्याला कुठला आलाय हक्क?’

घाटावर, नामदेव पायरीजवळ पाटी घेऊन बसणाऱ्यांना वारीच्या आधी उठवतात तेव्हा हे वाक्य उठवणारा आणि उठणारा दोघेही खरे मानतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा वेगळे सांगतो. आधी सर्वेक्षण करायचे, ते होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवायचे नाही. हटवायचे तर ३० दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार असेल तर त्याला वारसा बाजार ठरवून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात लिहिले आहे. पंढरीत असा बाजार शोधायला फार चालावे लागणार नाही. पक्क्या दुकानदारांचे आणि पाटीवाल्यांचे पटत नाही हे जगजाहीर आहे. पण गर्दीच्या नियोजनाच्या नावाखाली दोघांनाही एकाच दिवशी फटका बसतो.

‘संमती नाही तर जागा घेता येणार नाही’

काशीच्या धर्तीवर कॉरिडॉर करण्याचे २०२२ मध्ये राज्याने बोलून दाखवले आणि मंदिराभोवतीचे रहिवासी व व्यापारी एकत्र आले. कर्नाटकात जाण्याची भाषाही त्या हिवाळ्यात झाली. खर्चाचे वेगवेगळे आकडे छापून आले. त्या वादातला सगळ्यात महागात पडू शकणारा गैरसमज संमतीचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ८० टक्के संमती लागते ती खासगी कंपनीसाठी, ७० टक्के सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी. सरकारने स्वतः सार्वजनिक कामासाठी जागा घेतली तर संमतीची अट नाही. हरकत आणि सुनावणी आहे. ‘चौपट मोबदला’ हाही ग्रामीण भागातला कमाल हिशेब. शहरात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट.

आणि भाडेकरू? पेठेत कितीतरी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या भाड्याची आहेत, आणि ‘आपल्याला काहीच मिळणार नाही’ असे धरून ती माणसे बैठकांनाही जात नाहीत. कायदा त्यांना वगळत नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारे आणि ज्यांची मुख्य उपजीविका त्यामुळे बुडते असे कुटुंब, जमीन नसली तरी, ‘बाधित कुटुंब’ ठरते. त्यासाठी भाडेपावत्या, वीजबिल, शॉप अ‍ॅक्टची पोच, अन्न नोंदणी, जीएसटी क्रमांक हेच पुरावे लागतात. ज्या कागदांना आज शिव्या दिल्या जातात तेच. मालकाशी थेट खरेदीचा व्यवहार झाला तर भाडेकरू सहज बाजूला पडू शकतो, म्हणून नाव नोंदवण्याचा आग्रह सर्वेक्षणाच्या वेळीच धरावा लागेल.

आता रकमेचे. विस्थापित होणाऱ्या कारागीर आणि लहान व्यापारी कुटुंबाला कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एकरकमी अनुदान आहे, किमान २५ हजार रुपये. त्याहून जास्त द्यायला राज्याला कुणी अडवलेले नाही. कॉरिडॉरच्या बैठकीत जाणाऱ्याने रस्त्याची रुंदी विचारण्याआधी हा आकडा विचारावा: पंचवीस हजारच, की किती?