बंबाचें तोंड मोकळें कां?

बंबाचें तोंड मोकळें कां ठेवितात, याचा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांनीं कधीं केला आहे काय? तापतांना पाणी फुगतें. 4 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तें शेंकडा सुमारें 4 भागांनीं वाढतें. ही वाढ आणि वाफ त्या तोंडावाटे निघून जाते.

पाण्याचें उकळणें दाबावर अवलंबून असतें. सांगलीस तें सुमारें 98 अंशांस उकळतें. सातारा जिल्ह्यांतील उंच महाबळेश्वरीं हवेचा दाब कमी, म्हणून सुमारें 95 अंशांसच. उलट, बंद भांड्यांत दाब वाढला कीं पाणी उशिरा उकळतें.

थंड देशांत नौकांच्या खोल्या ऊन पाण्याच्या नळ्यांनीं उबदार राखितात. त्यांवर उघडी टांकी असल्यास नाव डोलतांना पाणी हिंदकळतें, आणि हवा शिरून लोखंड गंजतें. म्हणून पुष्कळ नौकांत सर्व नळ्या बंद करितात. परंतु तसें करितांना वाढत्या पाण्यास जागा देणारी, रबरी पडद्यामागें हवा भरलेली टांकी आणि जादा दाब सोडणारी झडप बसवावीच लागते.

तात्पर्य, वाट ठेवल्यावांचून पाणी कोंडणें धोक्याचें. गंमत म्हणूनहि बंबाच्या तोंडास बूच मारूं नये, आणि कुकराची झडप घरच्यांनीं नेहमीं स्वच्छ राखावी, एवढीच आमची विनंती.